अर्धांगिनीचा अधिभार

दिवाळी जवळ आली हे कळायला अमेरिकेत आमच्या घरी कालनिर्णय लागत नाही. ऑफिसच्या एचआर खात्याचा ‘ओपन एन्रोलमेंट सुरू झाले आहे’ असा ईमेल आला, की समजायचं, चकलीची भाजणी काढायची वेळ झाली. पुढच्या वर्षी कोणता आरोग्यविमा घ्यायचा हे ठरवायला कंपनी दोनेक आठवडे देते. ती मुदत चुकली की वर्षभर बसा बोंबलत. मधेच काही बदलायचं तर आयुष्यात तेवढीच मोठी घटना घडावी लागते. लग्न, घटस्फोट, बाळंतपण, मृत्यू, अशी त्या घटनांची यादीच असते. नुसता पश्चात्ताप झाला तर तो धरत नाहीत.

२०२४ साली मुदत संपत होती लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. आदल्या संध्याकाळी, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन एकत्र आले होते. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आमच्या दारावर पाच-पाच मिनिटांनी राक्षसांचे मुखवटे घातलेली पोरं येत होती आणि सकाळीच नरकासुराचा वध केल्याच्या समाधानात आई त्यांना चॉकलेटं वाटत होती. मे महिन्यात आलेली आई आता परतायला आली होती. पाहुण्यांना इथे साधारण सहा महिने राहू देतात. हा सहा महिन्यांचा आकडा पुढे लागणार आहे.

जेवणाच्या टेबलावर एका बाजूला चकल्यांची परात, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप. आमच्याकडे फॉर्म बायको भरते. मी कॉम्प्युटरवर काम करतो ते पगारापुरतं. ती एकेक प्रश्न मोठ्यांदा वाचत होती, मी चकली मोडून आतून पोकळ झाली आहे का ते पाहत होतो, आणि सगळं छान चाललं होतं.

“गेल्या सहा महिन्यांत आपण कोणत्याही स्वरूपात तंबाखूचे सेवन केले आहे काय?” बायकोने वाचलं आणि माझ्याकडे न बघता ‘होय’वर टिचकी मारली.

“अगं, मी अजून काही बोललोसुद्धा नाही!”

“म्हणूनच,” ती म्हणाली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली.

आता या एका टिचकीचं दुःख तुम्हाला कळायचं तर मला थोडं मागे जावं लागेल. मी साताऱ्याकडचा. आमच्या गावात सिगारेट ओढणं सोपं होतं, लपवणं अवघड. टपरीवरून निघून घरी पोचायच्या आत सतरा जणांनी विचारलेलं असायचं. त्यातले सात नात्यातले, पाच शेजारचे आणि उरलेल्यांचा आपल्याशी काडीचा संबंध नसायचा. वेलची चघळ, बडीशेप खा, पेरूचं पान चुरगाळून बोटांना चोळ, असे सगळे उपाय करून घरात शिरावं, तर आई म्हणायची, “हात बघू.” आईचं नाक हे आमच्या तालुक्यातलं सर्वांत संवेदनशील उपकरण होतं. पण एक होतं. एवढ्या चौकश्या व्हायच्या, त्या सगळ्या फुकट. कुणी कधी पैसे मागितले नाहीत.

अमेरिकेत आल्यावर मला पहिलं सुख कसलं मिळालं असेल, तर कुणी विचारत नाही याचं. शेजाऱ्याचं नाव कळायला मला चार वर्षं लागली. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसच्या मागे, ‘दारापासून पंचवीस फुटांच्या आत धूम्रपान करू नये’ या पाटीपासून प्रामाणिकपणे सव्वीस फुटांवर उभं राहून मी आठवड्याची एक सिगारेट ओढायचो. येणारे-जाणारे ‘हाय’ म्हणायचे आणि पुढे जायचे. कुणाचं नाक नाही, कुणाची बोटं नाहीत. मला वाटलं, सुटलो. मला हे माहीतच नव्हतं की या देशात चौकश्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे नसून पगारखात्याकडे सोपवलेल्या आहेत, आणि तिथे त्यांची फी लागते.

तर त्या ‘होय’ची फी होती महिना ५० डॉलर. ‘तंबाखू अधिभार’. बायकोने लगेच खालची बारीक अक्षरं वाचून दाखवली. कंपनी याला दंड म्हणत नाही. जे तंबाखू घेत नाहीत त्यांना ‘निरोगीपणाची सवलत’ मिळते, आणि मला ती मिळत नाही, एवढंच. आमच्याकडे गवळी म्हणायचा, दुधात पाणी घालत नाही हो, पाण्यात दूध घालतो. तसंच हे.

मी थोडा वाद घालून पाहिला. म्हटलं, आठवड्याला एक म्हणजे काय तंबाखूसेवन झालं? आणि माझ्या बाजूने चक्क कायदा होता. ओबामांच्या २०१० सालच्या आरोग्यविमा कायद्याने, जे लोक स्वतःचा विमा स्वतः विकत घेतात किंवा छोट्या धंद्यामार्फत घेतात, त्यांच्यासाठी व्याख्या ठरवून दिली आहे: गेल्या सहा महिन्यांत आठवड्याला सरासरी चार किंवा अधिक वेळा तंबाखू घेत असाल तरच तुम्ही तंबाखूवाले. त्यातही धार्मिक विधीसाठी घेतलेली धरायची नाही. या हिशेबाने मी निव्वळ निर्व्यसनी माणूस. शिवाय माझी शुक्रवारची सिगारेट हा एक विधीच होता, हा मुद्दा मी राखून ठेवला होता. आणखी म्हणजे, त्या बाजारात तंबाखूवाल्यांकडून दीडपटीपर्यंत हप्ता घ्यायची केंद्राने दिलेली मुभा आमच्या न्यू जर्सी राज्याने काढूनच टाकली आहे.

“पण तू छोट्या धंद्यात नाहीस,” बायको म्हणाली.

तेही खरंच. मोठ्या कंपन्या विम्याचा खर्च स्वतःच उचलतात आणि नाव तेवढं विमा कंपनीचं लावतात. अशा योजनांना १९७४ सालचा एक केंद्रीय कायदा लागू होतो आणि राज्याचे विम्याचे कायदे त्यांच्या दारापर्यंतच पोचतात. केंद्राचा नियम असा, की एकट्या माणसाच्या विम्याचा जो एकूण खर्च, त्याच्या निम्म्यापर्यंत रक्कम कंपनी तंबाखूपायी इकडची तिकडे करू शकते. २०२४ साली एकट्याच्या विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता होता ८,९५१ डॉलर. म्हणजे सरासरीने गेलं तर साडेचार हजारांच्या आसपास. कंपनी माझ्याकडून वर्षाला फक्त ६०० घेते आहे हे पाहून मला गहिवरून यायला हवं होतं. दिवाळीची भेटच म्हणायची.

गंमत अशी, की न्यू जर्सीत एप्रिल २०२२ पासून गांजा राजरोस दुकानात मिळतो. त्याबद्दल फॉर्ममध्ये चकार शब्द नव्हता. प्रश्न फक्त तंबाखूचा. सव्वीस फुटांवर उभं राहून मी दुसरं काही ओढत असतो तर ‘निरोगीपणाची सवलत’ माझी होती.

सिगारेट सोडवण्यासाठी पैसे द्यावेत की घ्यावेत, यावर इथे विचार झालेला नाही असं नाही. जनरल इलेक्ट्रिकने आपल्या ८७८ धूम्रपी कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग करू दिला होता. त्याचा निकाल २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. निम्म्यांना नुसती माहिती दिली, निम्म्यांना माहिती आणि वर टप्प्याटप्प्याने ७५० डॉलरपर्यंत बक्षीस. माहितीवाल्यांपैकी पाच टक्के सुटले, बक्षीसवाल्यांपैकी जवळजवळ पंधरा टक्के. तिप्पट यश! कंपनी खूश झाली आणि हीच योजना सगळीकडे लागू करायला निघाली, तेव्हा सिगारेट न ओढणाऱ्यांनी विचारलं, ‘आम्ही जन्मात ओढली नाही, आमचं काय? यांना बक्षिसं आणि आम्ही नुसतेच निरोगी?’ झालं. बक्षिसाचा झाला दंड, वर्षाला ६२५ डॉलर. हे वाचल्यावर मला शाळेतली पहिल्या बाकावरची मुलं आठवली. उनाड पोराला एकदा शंभरपैकी साठ मिळाले म्हणून गुरुजींनी शाबासकी दिली, तर नव्वदवाले रुसून बसायचे, ती. ती सगळी मोठी होऊन जनरल इलेक्ट्रिकमध्ये लागली होती.

बरं, हे सगळं निदान धुराबद्दल तरी आहे. धूर फुप्फुसात जातो, फुप्फुस दवाखान्यात जातं, बिल कंपनीकडे जातं. साखळी समजते. खुद्द कॅमल सिगारेट बनवणाऱ्या रेनॉल्ड्स कंपनीनेसुद्धा २०१५ पासून आपल्या कचेऱ्यांत टेबलाशी बसून सिगारेट ओढायला बंदी केली. हलवायालाही कळतं, आपल्या दुकानात आपण किती पेढे खायचे. पण पुढचा प्रश्न वाचताना बायकोचा आवाज बदलला.

“आपल्या जोडीदारास त्याच्या अथवा तिच्या नोकरीतून आरोग्यविमा उपलब्ध आहे काय?”

ती थांबली. तिने चष्मा पुसला. मग खालची ओळ वाचली, “असल्यास, तरीही जोडीदारास आपल्या योजनेत ठेवायचे झाल्यास, जोडीदार अधिभार: महिना १०० डॉलर.”

तळणाचा आवाज तेवढा येत राहिला.

“म्हणजे तुझी सिगारेट पन्नास,” बायको शांतपणे म्हणाली, “आणि मी शंभर.”

“अगं, तसा हिशेब नसतो तो.”

“मग कसा असतो?”

मला माहीत नव्हतं. मी चकली मोडली. आत भरीव होती.

या शंभर डॉलरचा इतिहास आमच्या घरात जरा हळवा आहे. ही इकडे आली ती माझ्या व्हिसाच्या शेपटाला धरून. एच-४ व्हिसावरच्या बायकांना सरसकट नोकरी करायची परवानगी नसते. पुण्यात कॉलेजात शिकवणारी बाई, इथे सात वर्षं घरात. मे २०१५ पासून सरकारने त्यांच्यापैकी काहींना, म्हणजे नवऱ्याचं ग्रीन कार्ड रांगेत अमुक टप्प्यापर्यंत सरकलेलं असेल तर, कामाची परवानगी द्यायला सुरुवात केली. आमची रांग आमच्या वेगाने सरकली. पुढे परवाना आला, मग अर्ज, मग मुलाखती, आणि २०२४ च्याच वसंतात तिला जवळच्या एका शाळेच्या कचेरीत नोकरी लागली. आम्ही पेढे वाटले. ती सात वर्षं घरात बसली, तेव्हा कंपनीने तिच्या नावावर एक छदाम जास्त घेतला नाही. ती स्वतःच्या पायावर उभी राहिली, त्या शाळेने तिला विमा देऊ केला, आणि त्याच क्षणी ती माझ्या कंपनीला जड झाली. ‘अधिभार’ हा शब्द ज्याने मराठीत आणला, त्याला मानलं पाहिजे. वाढीव ओझं. आपल्याकडे पत्नीला अर्धांगिनी म्हणतात. या हिशेबाने कंपनी माझ्या अर्ध्या अंगाचा विमा काढते आणि उरलेल्या अर्ध्याचं जादा सामानाचं भाडं घेते.

आमची कंपनी यात काही एकटी नाही, आणि पहिली तर नाहीच. २०१३ साली यूपीएस या पार्सल पोचवणाऱ्या कंपनीने जाहीर केलं, की युनियनबाहेरच्या कर्मचाऱ्यांच्या ज्या जोडीदारांना स्वतःच्या नोकरीत विमा मिळू शकतो, त्यांनी तो तिकडेच घ्यावा. साधारण पंधरा हजार नवरे-बायका अशा रीतीने एका फटक्यात ‘प्रेषकाकडे परत’ झाल्या. त्यामानाने आमच्या कंपनीने शंभर डॉलरचं तिकीट लावून आत बसू तरी दिलं. आणि कायदाही त्यांना आडवा येत नाही. मोठ्या मालकाने कर्मचाऱ्याला आणि त्याच्या मुलांना, मुलं २६ वर्षांची होईपर्यंत, विमा देऊ करावाच असा ओबामांचा कायदा. पण त्या कलमातल्या ‘अवलंबित’ या शब्दात नवरा-बायको येत नाहीत. पंचवीस वर्षांचं घोडं आईबापांच्या पदराखाली चालतं. सप्तपदी चाललेलं माणूस नाही चालत.

मुलांवरून आठवलं. आईबाप दोघांचेही विमे असतील आणि मूल दोघांच्याही विम्यात असेल, तर आधी कुणाच्या विम्याने पैसे द्यायचे? यावर इथे जो तोडगा आहे तो मी एचआरला तीनदा विचारून खात्री करून घेतला. वर्षात ज्याचा वाढदिवस आधी येतो त्याच्या विम्याने! जन्मसाल बघायचं नाही, फक्त महिना आणि तारीख. त्याला ‘वाढदिवसाचा नियम’ असंच म्हणतात. माझा जन्म नोव्हेंबरचा, हिचा फेब्रुवारीचा. लग्नाच्या वेळी गुरुजींनी आमच्या पत्रिका मांडल्या, नाडी पाहिली, गण पाहिला, एकतीस गुण जुळवले, पण अमेरिकेत नातवाचं हाड मोडलं तर बिल कोणी भरायचं, हा योग काही त्यांनी सांगितला नाही. खरं तर पत्रिकेत ते स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या शनिवारी मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. एरवी पुरीभाजीच्या रांगेत घरांचे भाव आणि मुलांचे गुण निघतात. त्या दिवशी सगळे अधिभारांवर घसरले होते. ‘तुमची बायको कितीला?’ हा प्रश्न सभ्य माणसं एकमेकांना हसतमुखाने विचारत होती. एकाची दीडशेला होती, एकाची पंच्याहत्तरला. एका काकांच्या कंपनीने त्यांच्याकडे लग्नाचा दाखला मागितला होता. विम्यात खोटे नातेवाईक घुसवले आहेत का, ते तपासायला. पस्तीस वर्षांपूर्वी सांगलीत झालेल्या लग्नाचा नोंदणीचा कागद त्यांच्याकडे नव्हताच. “मी त्यांना अल्बम पाठवतो म्हटलं,” काका सांगत होते, “तर म्हणे नवरानवरी ओळखू येत नाहीत.” सर्वांत जास्त हेवा वाटला तो एकाच कंपनीत काम करणाऱ्या एका जोडप्याचा. त्यांना अधिभार शून्य. छत्तीस गुण म्हणजे काय ते त्या दिवशी मला कळलं.

पेनसिल्व्हेनियाहून आलेल्या एका प्राध्यापकांनी जुनी गोष्ट काढली. २०१३ साली तिथल्या पेन स्टेट विद्यापीठाने कर्मचाऱ्यांसाठी भावफलकच काढला होता: तंबाखूचे महिना ७५ डॉलर, विमा मिळू शकणाऱ्या जोडीदाराचे १००, आणि ऑनलाइन प्रश्नावली भरून रक्त-बिक्त तपासून घेतलं नाही तर आणखी १००. प्रश्नावलीत घटस्फोट, कर्ज, वरिष्ठांशी पटतं का, असले प्रश्न होते, आणि पुरुषांनी स्वतःचं काय काय स्वतः तपासावं याचेही. प्राध्यापक लोक एरवी कशावर एकमत होत नाहीत, पण यावर झालं. सप्टेंबरात विद्यापीठाने तो दंड मागे घेतला. तंबाखू आणि बायको मात्र फलकावर राहिल्या. त्यांच्या बाजूने बोलायला कुणी उठलं नसावं.

यादी अशी वाढत जाते. २०२१ साली डेल्टा एअरलाइन्सने करोनाची लस न घेतलेल्यांना महिना २०० डॉलर लावले. लस हो की नको, या भानगडीत मला पडायचं नाही. मी घरी जाऊन फक्त बायकोला सांगितलं, की तुझ्यापेक्षा दुप्पट भाव असलेलं काहीतरी सापडलं आहे. तिला म्हणावा तसा आनंद झाला नाही.

आता तुम्ही विचाराल, की मुळात माझ्या फुप्फुसात आणि माझ्या लग्नात कंपनीने नाक खुपसायचं कारण काय? मी हे आमच्या एचआरच्या बाईंना अत्यंत नम्रपणे विचारलं होतं. त्यांनी मला एक व्हिडिओ पाठवला. उत्तर त्यात नव्हतं, पण आहे ते असं: १९४२ साली, युद्ध चालू असताना, महागाई भडकू नये म्हणून अमेरिकी सरकारने पगार गोठवले. कारखान्यांना माणसं हवी होती आणि पगार तर वाढवता येत नव्हते. विमा मात्र पगारात धरला जात नव्हता, तेव्हा मालकांनी विम्याचं आमिष दाखवलं. पुढे १९५४ च्या करकायद्याने त्या विम्यावर कर नाही हे पक्कं केलं. आपल्याकडे लग्नापुरता म्हणून अंगणात मांडव घालतात, मग पावसाळा येतो म्हणून त्यावर पत्रे टाकतात, मग भिंती येतात, आणि पंधरा वर्षांनी त्या मांडवात भाडेकरू राहत असतो. अमेरिकेचा आरोग्यविमा हा तो मांडव आहे. २०२४ साली त्याचं एका कुटुंबाचं सरासरी भाडं होतं वर्षाला २५,५७२ डॉलर. त्यातले कर्मचाऱ्याच्या खिशातून ६,२९६, उरलेले मालकाचे. एवढे पैसे भरणारा माणूस ‘हात बघू’ म्हणणारच. आईने तर माझ्या खाण्यापिण्यावर याचा शंभरावा हिस्साही खर्च केला नसेल, तरी म्हणायची.

आईला हे सगळं समजावून सांगितलं, तेव्हा तिने एकच विचारलं. “माझं किती घेत्यात?”

“तुझं काहीच नाही. तू विम्यात नाहीसच. इथे आईबाप घेत नाहीत.”

आई गप्प झाली. पुण्यात धाकट्याच्या कंपनीच्या विम्यात ती आहे. त्याच्या पगारातून तिच्या नावाचे पैसे कापतात आणि ही गोष्ट ती आल्या-गेल्याला अभिमानाने सांगते. इथे तिच्यासाठी मी पाहुण्यांचा विमा काढला होता, त्यात तिची जुनी दुखणी सोडून बाकी सगळ्याची सोय होती. आणि आईला जुन्या दुखण्यांखेरीज दुसरं काहीच नाही.

“आणि मशेरीला?” मी सहज म्हणालो. “तू विम्यात असतीस तर पन्नास डॉलर पडले असते.”

“मशेरीला कशाला?”

“आई, मशेरी म्हणजे तंबाखूच की. फॉर्मवर कोणत्याही स्वरूपात लिहिलंय.”

“अरं, ती काय तंबाखू हाय व्हय!” आईला हा अपमान वाटला. “तंबाखू माणसं खात्यात. मी दात घासती.”

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली आणि कुटलेली तंबाखू. आईने ती सहा महिन्यांची मोजून, बेसनाच्या पिशवीत डबी लपवून आणली होती. ज्या बाईने उभा जन्म माझी बोटं हुंगली, तिच्या स्वतःच्या बोटाला सकाळ-संध्याकाळ मशेरीचा वास होता. हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी, न्यू जर्सीत, एचआरचा फॉर्म वाचून लक्षात आलं.

फॉर्म तर गेला. पण तंबाखूच्या बाबतीत सुटकेची एक वाट असते आणि ती कायद्यानेच ठेवायला लावलेली आहे. कंपनीने नेमलेला तंबाखू सोडण्याचा वर्ग पुरा केलात, की सवलत तुमची. वर्गाअखेरी तंबाखू सुटलीच पाहिजे अशी अट नाही! मी ते कलम दोनदा वाचलं. रक्त नाही, लघवी नाही. ऐका, प्रमाणपत्र घ्या, पन्नास डॉलर वाचवा. आमच्या रक्तातच आहे हे. सत्यनारायणाच्या पूजेला कोण गुरुजींना विचारतं, की कथा ऐकून जमलेल्यांपैकी किती जण खरं बोलू लागले? शेवटपर्यंत बसलात, प्रसाद मिळाला. अमेरिकी केंद्र सरकारला श्रवणाचं पुण्य मान्य आहे हे पाहून मला ऊर भरून आला.

“आणि माझ्यासाठी?” बायकोने विचारलं. “बायको सोडण्याचा वर्ग नाही का?”

नाही. तंबाखूशी आरोग्याचा संबंध आहे, म्हणून तिला पर्याय द्यावा लागतो. बायकोशी आरोग्याचा संबंध कायदा मानत नाही. तिच्या शाळेचा विमा घेऊन पाहावा, तर तिकडे तिच्या पगारातून शंभराहून जास्त कापले जात होते. आम्ही आकडेमोड केली, सही केली, आणि माझी बायको अधिभारासह नूतनीकृत झाली. दर पंधरवड्याच्या पगारपत्रकात आता ४६ डॉलर १५ सेंट अशी ती दिसते.

वर्ग फोनवर असायचा. चार कथा. पलीकडे एक अत्यंत गोड आवाजाची बाई, कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातली. पहिल्या दिवशी तिने विचारलं, सिगारेटची आठवण कधी होते? म्हटलं, तुमचा फोन आला की. दुसऱ्या दिवशी तिने खोल श्वास घ्यायला शिकवलं. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, सिगारेटऐवजी तोंडात काय टाकता येईल? मी चकली म्हणालो. तिला स्पेलिंग हवं होतं. मग चकलीत काय काय असतं, कशात तळतात, दिवसाला किती खाता, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं, आणि तिने “एक्सलंट” म्हणून लिहून घेतलं. पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर तो प्रश्न आला तर माझीच चूक.

चौथी कथा आईच्या परतीच्या आदल्या दिवशी होती. सामान बांधून झालं होतं, मी स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर टाकून टाचणं काढत होतो आणि आई बेसिनपाशी उभी राहून डबीतली शेवटची चिमूट बोटावर घेऊन दातांना लावत होती. बाई म्हणाली, आज आपण घरच्यांच्या पाठिंब्याबद्दल बोलू. घरात आणखी कुणी तंबाखू घेत असेल तर सोडणं अवघड जातं. तुमच्या घरात आणखी कुणी घेतं का?

मी आईकडे पाहिलं. आईने चूळ भरली.

“काय म्हनतीय ती?”

“विचारतेय, घरात अजून कुणी तंबाखू घेतं का.”

आईने पदराला तोंड पुसलं, डबीचं झाकण घट्ट लावलं.

“न्हाई म्हन,” ती म्हणाली. “आपल्या घरात कुनी हात लावत न्हाई तसल्याला.”

मी तसं सांगितलं. “वंडरफुल,” बाई म्हणाली आणि माझं प्रमाणपत्र ईमेलने निघालं.